"गोळाच नाही तर कसला धोका" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतंय, छोट्या शोभेच्या तोफेचा व्हिडिओ आणि खाली ठोकून दिलंय की गोळा नसेल तर नुसता आवाज होतो, काळी दारू (तोफेत भरायची स्फोटक पूड) तशी कमजोरच, दोनचार बार नीट निघाले की तोफ पक्की समजायची, आणि अमेरिकेत तर लोक अंगणात उडवतात, लायसनही लागत नाही, आणि शेवटची ओळ, दारू घरीच बनवा. अमेरिकेचंच नाव काढलंय तर तिकडच्याच गोष्टी घेऊ.

गोळा नाही म्हणून धोका नाही? फेब्रुवारी 2021, मिशिगन, गेन्स टाउनशिप. बेबी शॉवरच्या (डोहाळजेवणासारख्या) कार्यक्रमात घरमालकाने मागच्या अंगणात छोटी सिग्नल तोफ उडवली, गोळाबिळा काही नाही, आवाज, लखलखाट आणि धूर एवढ्यासाठीच दारू भरलेली. तोफच फुटली आणि तिचे धातूचे तुकडे उडाले, चारपाच मीटरवर उभा असलेला 26 वर्षांचा पाहुणा गेला, पार्क केलेल्या गाड्यांना आणि गॅरेजला पण तुकडे लागले. म्हणजे गोळा बाहेरून घालायची गरजच नाही, नळी फुटली की तीच गोळा होते.

आणि ही तोफ लिलावात घेतलेली, आधी बऱ्याचदा उडवलेली, तेव्हा काहीच झालं नव्हतं. त्यामुळे "दोनचार बार नीट निघाले" याला काडीची किंमत नाही. ओतीव लोखंडातली किंवा वेल्डिंगमधली बारीक चीर प्रत्येक बाराला थोडी थोडी वाढते, वरून काही दिसत नाही. 28 फेब्रुवारी 1844 ला अमेरिकेच्या प्रिन्सटन युद्धनौकेवरच्या प्रचंड तोफेचं असंच झालं. तिचं नाव 'पीसमेकर' (शांतता आणणारी), म्हणजे बघा. त्या दिवशी आधीचे बार नीट निघाले, लोकांनी अजून एक मागितला आणि ती मागच्या बाजूने फुटली. परराष्ट्रमंत्री अपशर आणि नौदलमंत्री गिल्मर जागच्या जागी गेले. राष्ट्राध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. ही नौदलाची तोफ होती, आणि इथे लोक प्लंबिंगच्या पाइपला एका बाजूने टोपण लावून त्याला तोफ म्हणतायत.

दारू कमजोर, हे उघड्यावर खरं वाटतं, चिमूटभर पेटवली तर भस्सकन जळते आणि संपलं. पण सोरा, कोळसा, गंधक बंद नळीत पेटले की गॅस जाणार कुठे? त्यात दाणा बारीक असेल तर ती झपाट्याने जळते, म्हणजे वजन तेवढंच पण दाब जास्त, आणि आवाज मोठा यावा म्हणून वरून कागद-चिंध्या गच्च ठासल्या तर अजून वाढतो.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट आलीच नाही, ती म्हणजे परत भरताना होणारे अपघात. काळी दारू जळून अर्ध्याहून जास्त घन अवशेष मागे राहतो, त्यात निखारा दबून बसू शकतो आणि त्यावर नवीन दारू ओतली की बार भरणाऱ्याच्या हातातच उडतो. 1861 मध्ये अमेरिकन यादवी युद्धाच्या सुरुवातीला फोर्ट सम्टर या किल्ल्यावर 34 तास भडिमार झाला, आतल्या सैनिकांपैकी त्यात एकही मेला नाही, आणि शरणागतीनंतर सलामीचे बार काढताना एक तोफ अवेळी उडाली, डॅनियल हाउ नावाचा सैनिक जागीच मेला, 100 बारांची सलामी 50 वर थांबवली. सलामीच, गोळा नसलेली! म्हणून हौशी तोफवाले बारानंतर ओल्या बोळ्याने नळी पुसतात, पुसताना आणि ठासताना बत्तीचं भोक चामड्याच्या अंगुस्तान्याने दाबून धरतात, दोन बारांत 10 मिनिटं सोडतात, गज (दारू ठासायची काठी) धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात (बार उडालाच तर गज हातातून सुटावा, हात सोबत नेऊ नये) आणि तोंडासमोर कोणी उभं राहत नाही. बत्ती देऊनही बार निघाला नाही तर लगेच वाकून बघायचं नाही.

राहिलं लायसन. तिकडे जुन्या पद्धतीच्या हत्यारांसाठी 50 पौंडांपर्यंत कारखान्यात बनवलेली काळी दारू घ्यायला फेडरल (केंद्र सरकारची) सूट आहे, ती दारू घेण्या-ठेवण्यापुरती, नळी कशी आहे ते त्यात कोणी तपासत नाही. राज्यांचे नियम वेगळेच. आपल्याकडे 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे नियम आहेत, तेव्हा घरी सोरा-कोळसा-गंधक कुटून दारू बनवायचा सल्ला देणाऱ्या त्या शेवटच्या ओळीवर आधी पोलीसच दारात येतील.