बागेतील दिव्यांबाबतच्या अभिप्रायास मालकाचे उत्तर

नमस्कार,

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. पायवाटेवरचे दोन दिवे पहिल्याच पावसात बंद पडले, एका दिवसाचे काम दोन दिवस चालले, माणसे संध्याकाळी ओट्यावर रिकामी बसून होती, रात्री मधूनच सगळे दिवे जातात आणि थोड्या वेळाने आपोआप येतात, शिवाय आम्ही हलक्या प्रतीची वायर टाकून फसवणूक केल्यामुळे मागच्या झाडाजवळचे दिवे मिणमिणतात, असे आपण म्हटले आहे.

पावसात बंद पडलेल्या दिव्यांची तक्रार पूर्णपणे रास्त आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. जमिनीतल्या प्रत्येक जोडावर जेल भरलेला जलरोधक कनेक्टर बसवायचा, असा आमचा नेम आहे. त्या दोन ठिकाणी मात्र आमच्या माणसाने नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेप ओल्या मातीत सैल होते, आत पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. दुरुस्तीच्या दिवशी मी स्वतः माती उकरून जोड बाहेर काढले, तेव्हा नेमके तेच दिसले. दोन्ही जोड तिथल्या तिथे विनामूल्य बदलून दिले, याचा उल्लेख अभिप्रायात आला असता तर बरे वाटले असते, पण ते असो.

संध्याकाळी माणसे बसून होती, हेही खरे आहे. झाडावर टाकायच्या दिव्याचा कोन दिवसाउजेडी ठरवता येत नाही, आणि दिव्याची तिरीप बैठकीच्या खिडकीतून डोळ्यांवर येते का, हे अंधार पडल्यावरच कळते. ती माणसे अंधाराची वाट पाहत होती. काम दुसऱ्या दिवसावर गेले तेही यामुळेच. हे आधी सांगायला हवे होते.

आता वायरीबद्दल. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आम्हाला बोलवायचे की नाही हे नवे ग्राहक असेच अभिप्राय वाचून ठरवतात. आपल्या बागेत ट्रान्सफॉर्मरपासून, म्हणजे घरातली वीज दिव्यांसाठी 12 व्होल्टवर उतरवणाऱ्या डब्यापासून, मागच्या झाडापर्यंत 30 मीटर केबल लागली. वाटेत प्रत्येकी 5 वॅटचे 8 दिवे, म्हणजे एकूण 40 वॅट, असा हिशेब धरून आम्ही 60 वॅटचा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची, शुद्ध तांब्याची केबल टाकली. 12 व्होल्टच्या कामात तेवढ्याच वॅटसाठी मुख्य पुरवठ्याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो, तो केबलच्या लांबीत थोडे व्होल्ट खातो, आणि मुख्य पुरवठ्यात एक व्होल्ट गेला तर कोणाच्या लक्षातही येत नसले तरी बारातला एक गेला की उजेडात फरक पडतो. म्हणूनच आम्ही केबलच्या जाडीत कधी काटकसर करत नाही. काम सोपवले त्या रात्री सगळे दिवे लावून शेवटच्या दिव्यापाशी मीटर धरला, तेव्हा 11.1 व्होल्ट आले होते. आकडा वाचायला बॅटरी आपणच धरली होती.

दुरुस्तीला आलो त्या दिवशी त्याच जागी 9.6 व्होल्ट आले. का, ते पाहायला गेलो तर शेवटच्या दिव्यापासून पुढे कुंपणाकडे एक बारीक काळी वायर गेलेली दिसली. ती आमची नव्हती. 0.75 चौरस मिलिमीटरची, पंधराएक मीटर लांब, आणि तिच्यावर प्रत्येकी 9 वॅटचे 4 दिवे. तिच्या टोकाला तर 8 व्होल्टही पोहोचत नव्हते. म्हणजे 60 वॅटच्या ट्रान्सफॉर्मरवर आज 76 वॅटचा भार आहे. तो तापला की आतली संरक्षक व्यवस्था पुरवठा तोडते आणि निवला की पुन्हा जोडते; मधूनच दिवे जाण्याचे आणि आपोआप येण्याचे कारण एवढेच आहे. मी हे त्याच वेळी दाखवले होते आणि आपण “बघू” म्हणाला होता. अभिप्रायात त्या चार दिव्यांचा एक शब्दही नाही. आपल्या बागेत हलकी वायर आहे, हे आपले म्हणणे खरेच आहे. ती कोणी टाकली, एवढाच प्रश्न आहे.

तरीही आमच्याकडून एक राहिले, ते कबूल करतो. ट्रान्सफॉर्मरवर क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, म्हणजे आपल्याकडे 48 वॅट, आणि त्यात आणखी एखादाच दिवा मावला असता, हे आम्ही लेखी दिले नव्हते. पुढे दिवे वाढवायचा विचार आहे का, असेही विचारले नाही. विचारले असते तर सुरुवातीलाच 100 वॅटचा बसवला असता. यापुढे अशा गोष्टींकडे अधिक लक्ष देऊ.

आपली तयारी असेल तर ट्रान्सफॉर्मर बदलून, कुंपणाच्या चार दिव्यांना थेट त्याच्यापासून स्वतंत्र जाड केबल टाकून देतो. सामानाचा खर्च आपला राहील, मजुरी घेणार नाही. तोवर ती काळी वायर जोडातून सोडवून ठेवावी. बाकीचे आठ दिवे त्याच रात्री पूर्वीसारखे लागतील, ते आपण स्वतः पाहावे. पाहिल्यानंतर तारे दोनच ठेवायचे असतील तर ठेवावेत, त्या दोन जोडांसाठी ते मला मान्य आहेत. “फसवणूक” हा शब्द मात्र काढावा, एवढी विनंती आहे.