आधार कार्ड मिसेसचं लागेल

उज्ज्वला योजनेतलं गॅस कनेक्शन पुरुषाच्या नावावर मिळत नाही. ही माहिती मला गेल्या शनिवारी नाशकात भद्रकालीतल्या एका स्टोव्ह रिपेअरिंगच्या टपरीवर, पाच-सहा लोकांच्या देखत देण्यात आली. मी विचारली नव्हती. माझ्या घरी दोन सिलिंडर आहेत, फ्लॅटचा हप्ता अजून नऊ वर्षं जायचाय, आणि आयकर विवरणपत्र मी मुदतीत भरतो. पण हे सगळं गळ्यात पाटी लावून थोडंच फिरता येतं!

मुळात दोष साल्हेरचा. गेल्या जानेवारीत तिथे आमची खिचडी कच्ची राहिली. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. रात्री गुहेत वारा असा घुसत होता की तोंड उघडलं तर दात थंड पडावेत. आमच्याकडे गॅसच्या छोट्या डब्यावर बसवायची शेगडी होती. त्या डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्याच्या आसपास गारठला की त्याची वाफच होत नाही. तेवढी थंडी नव्हती. पण डबा जळता जळता स्वतःच स्वतःला गार करत जातो, हे शेगडी विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. हळूहळू ज्योत देवघरातल्या निरांजनाएवढी झाली. एकाने डबा काखेत धरून पाहिला. शेवटी डाळ दाताखाली करकर वाजवत आम्ही जेवलो आणि मी जाहीर केलं, की पुढच्या वेळी मी मल्टिफ्युएल स्टोव्ह आणणार. गॅस, पेट्रोल, रॉकेल, जे मिळेल ते खाणारा. आमच्या मामांसारखा.

पुढचे दोन महिने मी फक्त स्टोव्ह पाहिले. एका स्वीडिश स्टोव्हवर जीव जडला. त्याला तीन जेट येतात: गॅससाठी ०.४५ मिलिमीटरचं भोक, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेल-डिझेलसाठी ०.२८. हे आकडे मी झोपेतही सांगू शकेन. किंमत पाहिल्यावर मात्र मोबाइल पालथा ठेवला. बायको म्हणाली, "एवढ्यात तर फ्रिज येतो. आणि फ्रिज पाठीवर घेऊन गड चढावा लागत नाही." मग इंदिरानगरमधल्या एका मुलाकडून चिनी स्टोव्ह सेकंडहँड घेतला, लाल अ‍ॅल्युमिनियमच्या बाटलीसकट ४२०० रुपयांना. त्याने तो लडाखला जायचं म्हणून घेतला होता. मग त्याचं लग्न ठरलं.

स्टोव्ह तीन इंधनं खातो खरा, पण आपल्याकडे त्याला खायला घालायचं काय? गॅसचे ते डबे एकदा संपले की परत भरून मिळत नाहीत. मग ते गडावरच्या टाक्यांत टाकले जातात, आमच्यासारख्यांकडूनच. पेट्रोल पंपावर गेलो, तर पोऱ्याने न बोलता 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, भाऊ, ही प्लॅस्टिकची नाही, इंधनाचीच बाटली आहे, झाकणाला सील आहे. तो म्हणाला, "बाटली आहे ना?" आहे. "मग?" या 'मग'पुढे काही चालत नाही. तेच पेट्रोल मी स्कूटरमध्ये भरून घेतलं आणि पार्किंगमध्ये नळीने तोंडाने ओढून बाटलीत घेतलं. कायद्याचं समाधान झालं. माझ्या तोंडाची चव मात्र दोन दिवस गेली, आणि जिथे सील होतं ती बाटली बंद ठेवून उघडी नळी तोंडात धरण्यात कोणती सुरक्षितता साधली, हे मला अजून कळलेलं नाही. रेशन दुकानात रॉकेल मागितलं तर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ट्रंक कॉल बुक करायला आलोय.

आणि एवढं करून पंप हवा धरेना. पंपाच्या दांड्याला आत चामड्याची वाटी असते, ती वाळून खारकेसारखी झालेली.

म्हणून भद्रकाली. एकेकाळी नाशकात पेठेपेठेत स्टोव्ह रिपेअरवाले होते. आता चाचांची ही टपरी, तीही मिक्सर, कुकर आणि गॅसच्या शेगड्यांवर तगलेली. लोखंडी कपाटाएवढी जागा, वर तारेला जुने बर्नर फरसाणच्या दुकानातल्या पुड्यांसारखे लटकलेले. मी दाढी न केलेली, गुडघ्यावर ठिगळ असलेली ट्रेकची पँट, पाठीवर सॅक. चाचांनी माझा स्टोव्ह हातात घेतला, त्याचे घडीचे पाय उघडले, मिटले, परत उघडले.

"खेळणं चांगलं आहे," म्हणाले. "पेटतं का?"

"हवा धरत नाही. आणि चाचा, रॉकेल कुठे मिळतं हो हल्ली?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. कारण बाजूच्या स्टुलावर मांडीवर कुकर घेऊन एक मावशी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, गोल पातळ, चष्म्याला काळी दोरी. त्यांनी कुकर खाली ठेवला.

"गॅस संपला का रे बाळा?"

"नाही मावशी. हा बाहेर वापरायला आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"डोंगरावर."

"डोंगरावर राहतोस?"

"राहत नाही, जातो. तीन-चार दिवस. मग येतो."

"का?"

वीस वर्षं मी सह्याद्रीत फिरतोय. हरिहरच्या पायऱ्या, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, सगळं झालंय. पण इतक्या थोडक्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं वाटतं." मावशींनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी पंपाकडे पाहिलं.

"घरचे कुठे असतात?"

"घरचे घरी असतात."

हे वाक्य जसं मला म्हणायचं होतं तसं ते ऐकू गेलं नाही. मावशींच्या चेहऱ्यावर एकदम माया पसरली. "किती दिवस झाले असं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी ट्रेकिंगबद्दल समजलो. म्हटलं, "वीस वर्षं."

"अगं बाई!"

इथे मिक्सर घेऊन उभे असलेले एक गृहस्थ संभाषणात शिरले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फोन. प्रत्येक वॉर्डात असा एक माणूस असतो. तो निवडून कधीच येत नाही, पण सगळ्यांची कामं करतो. "साहेब," ते म्हणाले. या 'साहेब'मध्ये जो कनवाळूपणा होता तो ऐकूनच माझे कान तापले. "रॉकेलच्या मागे कशाला लागता? उज्ज्वला आहे ना. २०१६ पासून योजना चालू आहे. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का?"

"अहो, माझ्याकडे गॅस आहे."

"मग स्टोव्ह कशाला दुरुस्त करताय?"

"डोंगरावर न्यायला."

"तेच म्हणतोय मी. डोंगरावर का राहायचं? फॉर्म मी भरून देतो. फक्त पुरुषाच्या नावावर होत नाही. आधार कार्ड मिसेसचं लागेल." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "मिसेस आहेत ना?"

"आहेत!"

"घरात घेतात ना?"

टपरीभोवतीचे लोक आता उघडपणे ऐकत होते. एक जण तर आपलं काम झालं तरी थांबला होता. मी खिशातून पॅन कार्ड काढून दाखवावं की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी लपवत नाही. राग त्यांच्यावर नव्हता, म्हणजे होताच, पण जास्त स्वतःवर होता. गरीब समजले तर बिघडलं काय? लोक चांगलंच वागत होते. इतके चांगले माझ्या बँकेतले कधी वागलेले नाहीत. तरीही मी मान ताठ करून "माझी स्वतःची कार आहे" असं म्हणालो, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "असू द्या, होतं असं कधी कधी."

माझा नंबर मात्र त्या गृहस्थांनी घेतलाच. आज सकाळीही त्यांचा फोन आला होता. पासपोर्ट साइज फोटोही लागेल, म्हणाले.

चाचांनी तोवर चामड्याची वाटी खोबरेलात बुडवली होती आणि बोटांनी मळून तिचे काठ बाहेर वळवत होते. म्हणाले, दुसरी नको, हीच चालेल, चामडं मेलं नाही, तहानलंय. या बिनवातीच्या स्टोव्हची मूळ कल्पना १८९२ मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्टची. हवा भरायची, तापलेल्या नळीतून रॉकेलची वाफ करायची आणि ती जाळायची. त्याचा प्रायमस दक्षिण ध्रुवावर गेला, १९५३ मध्ये एव्हरेस्टवर गेला, आणि दरम्यान आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत ओट्याखाली येऊन बसला. आमची आई रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला लावायची, बर्नर तापला की पंप मारायची, पिन मारायची, आणि मग त्याची ती भर्र सुरू व्हायची. मी ४२०० रुपयांना घेतलेलं यंत्र याहून वेगळं काही करत नाही. फक्त घडी होतं.

मावशींनाही तेच आठवलं असावं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहाटे चारला उठून रॉकेलच्या रांगेत डबा ठेवायचा, डब्याला दगड बांधायचा. गॅसला नंबर लावला होता, तो सहा वर्षांनी आला. "आला त्याच दिवशी तो पितळी स्टोव्ह उचलला आणि भांडी बाजारात मोडीत दिला. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यावर स्टीलचं पातेलं आणलं, अजून आहे. संध्याकाळी स्वयंपाक करताना घरात पहिल्यांदा मला रेडिओ ऐकू आला. त्या स्टोव्हच्या आवाजात तोवर काय ऐकू येणार?"

"आमचाही असाच गेला," मी म्हटलं.

"गेला ते बरंच झालं. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक सून होती. एकोणीस-वीसची असेल. पेपरात आलं, स्टोव्हचा भडका." त्या थांबल्या. कुकरची शिटी काढून परत बसवली. "स्टोव्हचा नव्हता," म्हणाल्या.

चाचांनी पंपाचे चार-पाच दट्टे मारले. हवा धरली होती. माझ्याकडून २० रुपये घेतले आणि सांगितलं, तंबूच्या आत पेटवायचा नाही, झोपेत जाशील, कळणारही नाही. एवढं स्पष्ट त्या स्टोव्हसोबत आलेल्या छापील कागदावरही नव्हतं. तो चिनीत होता.

मी निघालो तर मावशी उठल्या. "चल माझ्याबरोबर. रॉकेल आहे माझ्याकडे. रेशनचं. ढेकणांसाठी ठेवलं होतं, आता ढेकूणही राहिले नाहीत."

नको म्हणायला हवं होतं. पण २०० किलोमीटर फिरूनही जे मिळालं नव्हतं ते तिवंध्याजवळ कोणाच्या तरी पलंगाखाली आहे म्हटल्यावर माझा स्वाभिमान गळाला. मावशींचा कुकर हातात घेऊन मी मागोमाग गेलो. वाड्याचा लाकडी जिना, कठड्याला दोरी, वर एक खोली. पलंगाखालून त्यांनी पत्र्याचा डबा ओढला, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा. झाकण उघडल्याबरोबर तो वास आला आणि मी एकदम सात वर्षांचा झालो. रेशनच्या रॉकेलला सरकार निळा रंग घालायचं, ओळखू यावं म्हणून. इतक्या वर्षांनी तो रंग थोडा विटला होता, पण होता.

मावशी नरसाळं धरून माझ्या लाल बाटलीत रॉकेल ओतू लागल्या. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. बाटली न्याहाळून म्हणाल्या, "बाटली भारी आहे रे. कितीला पडलं हे सगळं?"

४२०० हा आकडा तोंडापर्यंत आला होता.

"साडेतीनशे," मी म्हटलं.

"साडेतीनशे? लुटलं की रे तुला! कोण होता तो?"

"इंदिरानगरचा मुलगा."

"शिकलेली मुलं, आणि अशा माणसाला फसवतात." त्यांनी नरसाळं झटकलं, फडक्याला पुसलं. मी खिशातून शंभराची नोट काढून पलंगावर ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात खोचली, चेन लावली.

"राहू दे," म्हणाल्या. "घरी पाठव."