अनिता संस्कृत? मामा, जरा थांबा

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेलच. 'अनिता हे शुद्ध संस्कृत नाव, अ + नीता, जिला कोणी वाकवू शकत नाही अशी, अर्थ कृपा, युरोपातली ॲना आपल्या अन्नपूर्णेवरून, इथूनच नाव जगभर गेलं.' मामीचं नाव अनिता, त्यामुळे मामांचा उत्साह कळतो. पण एकेक बघूच.

आधी ते अ + नीता. नी म्हणजे नेणं, नीत म्हणजे नेलेलं, मग अनीता म्हणजे न नेलेली, न आणलेली. यात वाकवणं कुठून आलं? आणि असं नाव मुलीला कोण ठेवेल हो? रामायण-महाभारतात या नावाची एक तरी बाई दाखवा.

खरी गंमत 'कृपा'त आहे. न नेलेली म्हणजे कृपा, हे कसं काय? तर तो अर्थ संस्कृतातला नाहीच, हिब्रूतला आहे. बायबलमधल्या शमुवेलची आई हन्ना, तिच्या नावाचा अर्थ कृपा. ग्रीकमध्ये सुरुवातीचा घशातला ह गळला आणि अन्ना उरलं, स्पॅनिशमध्ये झालं आना, आणि सेन्योराची जशी सेन्योरिता तशी लाडाने आनाची आनिता. म्हणजे नावांची यादी करणाऱ्याने अर्थ हिब्रूतून उचलला आणि धातू संस्कृतातला चिकटवला. याच मुळापासून जॉनचं मूळ नाव योहानान, आणि हॅनिबलसुद्धा, म्हणजे बाल या देवाची कृपा. मामी, हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा सेनापती तुमच्या नावाचा नातेवाईक निघाला!

अन्नपूर्णेचं म्हणाल तर ही आयडिया मामांची नाही, १८व्या शतकात संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स यानेही रोमन देवी अन्ना पेरेन्ना आणि अन्नपूर्णा यांची जोडी लावली होती. त्या देवीच्या एका गोष्टीत म्हातारी अन्ना भुकेल्या लोकांना खायला वाटते, त्यामुळे मोह होणारच. पण तिचा सण १५ मार्चला, जुन्या रोमन नववर्षाच्या सुमाराचा, आणि तिच्या नावाचा संबंध वर्षाशी लावतात, आपलं अन्न मात्र अद् म्हणजे खाणे यातून. शिवाय युरोपात ॲना घरोघरी पोचली ती या देवीमुळे नाही, मेरीच्या आईमुळे. तिचं नाव बायबलमध्ये नाही, २ऱ्या शतकातल्या एका वेगळ्या ग्रंथात आहे. मग फ्रान्समध्ये ॲनेट, रशियात आन्या वगैरे वगैरे.

इथून जगभर गेलं म्हणे! इटलीचा क्रांतिकारक गॅरिबाल्डी, त्याची बायको अनिता १८२१ला ब्राझीलमध्ये जन्मली, मूळ नाव आना मारिया. तिथे कुठलं संस्कृत?

उलट ॲनाच आपल्या दारात आली. गोव्यात तिसवाडीतल्या सांत आनाच्या, म्हणजे याच मेरीच्या आईच्या, चर्चमध्ये जुलैत तवशांचं फेस्त असतं, मूल व्हावं म्हणून जोडपी काकड्या वाहतात. ती बायबलमधली हन्नाही देवळात मूलच मागत होती.

बाकी आपल्या घरांत हे नाव इतकं मुरलं कसं, तर सरिता, कविता, वनिता, ललिता अशी रांग आधीच होती, त्यात अनिता जाऊन बसली आणि कोणाला शंकाही आली नाही. मामीलाच विचारलं, तुझं नाव कोणी ठेवलं गं? म्हणाली, "थोरली सुनीता, म्हणून मी अनिता. अण्णांना यमक पाहिजे होतं, बास."