उजवी माझी, डावी साळ्याची

मोबाइलचा नंबर बदलला, एवढाच माझा गुन्हा. तो आधारला जोडायला केंद्रावर जातीनं जायचं ठरवलं. म्हणून शनिवारी सकाळी साडेआठला जाऊन रांगेत उभा राहिलो. म्हणजे माझी चप्पल उभी राहिली. सध्या नवतपा, म्हणजे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे आणि नागपूरचं ऊन नऊ वाजताच कामावर रुजू होतं. त्यामुळे चपला उन्हात आणि माणसं कडुनिंबाखाली, अशी सर्वमान्य पद्धत आहे. माझ्यापुढे एक हेल्मेट, पाण्याच्या दोन बाटल्या, एक अर्धी वीट (मालक शेवटपर्यंत कळला नाही) आणि चपलांचे सहा जोड. अकरावा नंबर. वाईट नव्हता.

साडेनऊला एक गृहस्थ आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, शर्टाच्या खिशातून डोकावणारा कांदा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा आमच्याकडे बरेच जण ठेवतात, पण यांचा चांगला पाव किलोचा होता. शांतपणे रांगेपाशी गेले, हेल्मेटच्या मागे उजवी चप्पल काढून ठेवली, तिच्यामागे डावी, आणि टुणटुण उड्या मारत सावलीत येऊन माझ्याच बाजूला बसले.

मी म्हणालो, "काका, ती चप्पल कोणाची?"

"माझीच."

"आणि तिच्यामागची?"

"ते साळ्याची."

"अहो, एकाच जोडाच्या आहेत दोन्ही!"

"मंग? साळा काही परका आहे का?"

"कुठे आहे साळा?"

"येऊन राहिला ना. निघाला कामठीहून."

"आणि तुम्ही आत्ता येऊन सरळ दुसऱ्या नंबरवर?"

"अजी भाऊ, काहून तापून राहिले? ऊन तं तापूनच राहिलं. तुमच्या तापण्यानं काही जास्तीचं होणार आहे का?"

यावर उत्तर शोधत होतो, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या छोट्या क्रुसावर गेली. कर्जाला जामीनदार सापडावा तसा त्यांचा चेहरा खुलला.

"चर्चवाले होय तुम्ही? मंग तं झालंच! तुमच्यात तं एका गालावर मारलं का दुसरा देते. मी तं मारलंबी नाही. फक्त पुढं गेलो."

"ते गालाचं आहे. रांगेचं नाही."

"मी बी मिशनच्या शाळेत होतो ना, आठवीपर्यंत. पाठ आहे मले. 'शेवटले ते पहिले होतील.' होय का नाही?"

होय. बायबल, मत्तय, अध्याय 20, ओवी 16. आता काय बोलणार?

पण राग आलाच. आमच्या सहनशीलतेला लोक सार्वजनिक नळ समजतात. येईल त्याने बादली लावावी. "तुम्ही लोक फार शांत असता हो" हे वाक्य आजवर जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत माझं काहीतरी गेलेलं आहे. कधी पार्किंगची जागा, कधी रेल्वेतला खालचा बर्थ, एकदा तर भरलेलं सिलिंडर.

आणि ती ओवी म्हणजे द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा शेवट. मालक पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर आणखी लावत राहतो, अगदी संध्याकाळी पाच वाजताही. आणि पैसे देताना सगळ्यांना सारखाच एक दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, की आम्ही दिवसभर कष्ट केले, ऊन सोसलं, आणि या तासाभरवाल्यांना आमच्याएवढेच? संडे स्कूलपासून शिकत आलो आहे की या गोष्टीत मालकाच्या उदारपणाकडे बघायचं. बघतो. पण निंबाखाली बसून खरं सांगतो, माझा जीव त्या पहाटेवाल्यांपाशीच अडकतो. ऊन सोसलं म्हणताहेत हो ते!

त्यात दुसऱ्या दिवशी उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझी. पाळकसाहेबांनी संदेशाचा विषय आधीच कळवला होता: सहनशीलता. गलतीकरांस पत्र, अध्याय 5, आत्म्याचं फळ. प्रीती, आनंद, शांती आणि चौथ्या नंबरावर सहनशीलता. (तिच्यापुढेही तीन जण आहेतच.) मूळ ग्रीकमध्ये तिथे शब्द आहे 'माक्रोथुमिया'. माक्रो म्हणजे लांब, थुमोस म्हणजे राग. लांब पल्ल्याचा राग म्हणा ना. माझा जेमतेम एका तासाचा निघाला. पण मला आधार आहे तो टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाचा. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजमध्ये बसून या गृहस्थाने सहनशीलतेवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकलं की हा गुण माझ्यात नाही, आजारी माणूस तब्येतीचं कौतुक करतो तसं माझं चाललंय. असा माणूस मंडळीत शेजारी बसायला बरा.

इकडे काकांचं प्रवचन थांबेना. संयम, रक्तदाब, त्यांच्या मोठ्या भावाचं बायपास, संत्र्याचा मृग बहार, पुन्हा संयम. बायबलातल्या दुःखी ईयोबाचं सांत्वन करायला आलेले मित्र निदान पहिले सात दिवस सात रात्री गप्प बसले होते. यांना सात मिनिटं निघेनात. मध्येच साळ्याचा फोन. तो अजून कामठीतच होता. आंघोळीला चालला होता.

पाऊण वाजता आतून आवाज आला, "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या." तोवर फक्त हेल्मेटवाल्याचं काम झालं होतं. म्हणजे काका पुढे घुसले काय आणि न घुसले काय, माझं एका पैशाचंही नुकसान झालं नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

लोक आपापल्या चपला उचलू लागले. काकांची एकच होती. डावी घेऊन एक कुत्रं मघाशीच, बारा-सव्वाबाराला, गल्लीत गेलं होतं. मी पाहिलं होतं. बोललो नव्हतो. म्हटलं, चप्पल साळ्याची आहे, तो बघेल.

पण डांबर असं तापलेलं की काका पाय टेकवेनात. शेवटी मीच त्यांना गाडीवर घेतलं आणि जरीपटक्यापर्यंत सोडलं. वाटभर ते त्या कुत्र्याला क्षमा करत होते. उतरताना हातातली उजवी चप्पल त्यांनी माझ्यापुढे धरली.

"सोमवारी तं येणारच ना तुम्ही? तुम्ही लवकर येता. हे लावून द्याजा जराशी. मी येतो आरामात, दहापर्यंत."

मी घेतली. का घेतली ते विचारू नका.

आज सकाळी पुलपिटावर उभं राहून सहनशीलतेचं वाचन केलं तेव्हा ती बाहेर माझ्या गाडीच्या डिक्कीत होती. आत्ताही आहे. नऊ नंबर, टाच झिजलेली. उद्या साडेआठला जायचं आहे आणि ती माझ्या चपलेच्या पुढे लावायची की मागे, हे अजून ठरत नाहीये.