तांब्यावरचं फुलपात्र

परवा लेकीच्या शाळेत भूकंपाचं मॉक ड्रिल झालं. बाकाखाली बसायचं, डोक्यावर दप्तर धरायचं, मग रांगेनं मैदानात जायचं. शाळेनं चांगलंच केलं. पण रात्री अंथरुणात शिरल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपली बिल्डिंग पडेल का?"

ती सहा वर्षांची आहे. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. "छे, कधीच नाही" हे अगदी ओठांवर आलेलं मी गिळलं. कारण हाच प्रश्न मी एकदा विचारला होता, आणि मला मिळालेलं उत्तर वेगळं होतं.

30 सप्टेंबर 1993. मी सात वर्षांचा. गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, सगळं गाव दमून झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमिनीतून आवाज आला. माळवदातून, म्हणजे मातीच्या सपाट छतातून, माती गळायला लागली आणि आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं. आमची एक भिंत फुगली, बाकी घर उभं राहिलं. किल्लारी, सास्तूर, मंगरुळात तसं झालं नाही. जवळजवळ 10 हजार माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं मणामणांचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी घरंच झोपेत अंगावर आली.

त्यानंतर कितीतरी दिवस कुणी घरात झोपलं नाही. वरून पाऊस. शेतात ताडपत्री बांधून आम्ही सगळे एका ओळीत. मधूनच बारीक धक्का यायचा, कुत्री ओरडायची, कुणाचं तरी लेकरू किंचाळायचं. आप्पा रोज निजताना उशाशी एक तांब्या ठेवत आणि त्यावर फुलपात्र उलटं, जरा तिरकं. जमीन हलली की ते वाजायचं किंवा पडायचं, म्हणजे जाग येईल.

मी रोज विचारायचो, "आप्पा, पुन्हा व्हईल का?"

ते म्हणायचे, "मी हाय की हितं. झोप." आणि पाठीवर हात.

होणार नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. कसं म्हणणार? तांब्या तर त्यांनीच मांडला होता! तरीही मी झोपायचो, गाढ झोपायचो. भूकंपाबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं, फक्त तो हात कुणाचा आहे हे ठाऊक होतं.

माझी श्रद्धा म्हणजे एवढीच आहे. पुढं पोथ्या वाचल्या, पंढरीला गेलो, पण पाया त्या ताडपत्रीखालीच घातला गेला. आपल्याकडं विठ्ठलाला 'माउली' म्हणतात. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव, आणि आपण त्याला 'विठाई' म्हणतो. वारीत अनोळखी माणसालाही 'माउली, जरा पुढं सरका' म्हणतो. हा शब्द ज्यांनी रुजवला, त्यांना अंधारात रडणारं लेकरू आणि त्याच्या पाठीवरचा हात नक्कीच ठाऊक असणार.

म्हणूनच दुसऱ्या एका गोष्टीचा मला फार राग येतो. तेव्हा मोठी माणसं आमच्यादेखत बोलायची, गावांनी पाप केलं म्हणून देव कोपला. सास्तूरच्या पाळण्यातल्या पोरानं कुठलं पाप केलं होतं? आजही घराघरांत ऐकतो, जेवला नाहीस तर बाप्पा शिक्षा करेल, खोटं बोललास तर देव डोळे काढेल. कृपा करून असं करू नका. ज्या नावाचा लेकराला आधार वाटायला हवा, त्याच नावाचा आपण बागुलबुवा करतो. मग मोठेपणी खरोखर काळोख येतो तेव्हा ते कुणाचा हात शोधणार?

एक प्रश्न मात्र मी टाळू शकत नाही. त्या पहाटे किल्लारीतही कित्येक बापांचा हात लेकराच्या पाठीवरच होता आणि वर भिंत कोसळली. मग तो हात खोटा होता का? याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण खोटा होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या लेकरांच्या वाट्याला शेवटपर्यंत जे आलं, ते त्या हातातूनच आलं.

लेकीच्या प्रश्नानंतर मी दुसऱ्या दिवशी आप्पांना फोन केला. आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हटलं, "आप्पा, तवा तुम्हाला भ्या वाटत नव्हतं का?"

"वाटायचं की. तुझ्यापरीस जास्त."

"मग मला 'मी हाय की' कशाच्या जिवावर म्हणायचा?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "तू झोपायचास ना रे. तू झोपलास की मलाबी जरा डोळा लागायचा."

लेकीला त्या रात्री मी म्हटलं होतं, "बिल्डिंग चांगली बांधलीय. आणि काहीही झालं तरी मी इथं आहे." तिनं माझा हात ओढून स्वतःच्या पाठीवर घेतला, कूस बदलली आणि दोन मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. माझा हात अवघडला होता. मी तो काढला नाही.