उत्तानपाद कुठे होता? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घटस्फोटानंतरच्या दुसऱ्या संसारात मुलांच्या मनावर येणाऱ्या ताणाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : मी सावत्र आईची नको तितकी बाजू घेतली, पूर्वी कोकणातल्या घराघरांत दोन आयांची मुले एका पंगतीत जेवून मोठी झाली आणि कोणाला समुपदेशकाची गरज भासली नाही, आणि मुले असलेल्यांनी ती मार्गी लागेपर्यंत पुन्हा बोहल्यावर चढूच नये. शेवटी आपल्या भाचीच्या सात वर्षांच्या मुलाने नव्या वडिलांना ‘बाबा’ म्हणावे असा घरच्यांचा आग्रह आहे, त्यात गैर काय, असेही आपण विचारले आहे.

पूर्वीच्या ज्या घरांचा आपण दाखला देता, तिथे बहुधा पहिली आई बाळंतपणात किंवा आजारपणात गेलेली असे. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांना वाळीत टाकले, हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. त्या वेळी अकरा वर्षांच्या असलेल्या रघुनाथला घरात नवी आई येताना काय वाटले असेल, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. कोणी तक्रार केली नाही म्हणजे कोणाला दुखले नाही, असा निष्कर्ष मला तरी काढता येणार नाही.

शिवाय जुन्या रीतीला एक गोष्ट नेमकी कळली होती. काही घरांत वारलेल्या पहिल्या पत्नीचा टाक देव्हाऱ्यात असे आणि दुसरी पत्नी त्याला रोज हळदकुंकू वाही. आधीच्या बाईची जागा पुसायची नाही, हे त्या घराने मान्य केलेले असे. घटस्फोटानंतर हीच गोष्ट सर्वांत अवघड होते, कारण आधीची आई हयात असते, ठाण्याला किंवा कुडाळला राहते, रात्री फोन करते. आणि घरात मात्र तिचे नाव काढायचे नाही, असा न सांगितलेला नियम असतो. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिका १९७० च्या दशकापासून अशाच दुःखाविषयी लिहीत आल्या आहेत, ज्यात माणूस गेलेलाही नसतो आणि जवळही नसतो. या दुःखाला बारावे-तेरावे नसते, भेटायला येणारी माणसे नसतात, आणि मुलाने रडावे तर कोणासमोर, हेही त्याला ठाऊक नसते.

माझ्या शाळेतल्या एका मुलीचे उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. तिची आई बांगड्याच्या आमटीत तिरफळे घाले. नवी आई दापोलीकडची. तिच्या माहेरी तिरफळांची सवय नव्हती. मुलगी ताटातला बांगडा बोटाने बाजूला सारी आणि नुसता भात खाई. नव्या आईने पुढे तिरफळे मागवून, शेजारणीला विचारून, अगदी तशीच आमटी केली. त्या दिवशी मुलीने भातही खाल्ला नाही. सगळ्यांनी तिला हट्टी ठरवले. पुष्कळ दिवसांनी ती मला म्हणाली, “बाई, ती चांगली झाली होती.” आमटी आवडली म्हणजे आपण आईशी बेइमानी केली, असे त्या नऊ वर्षांच्या जिवाला वाटले होते. अशा वेळी सावत्र आईने आणखी प्रेम करावे, हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण तिचा चांगुलपणाच मुलीला अधिक अडचणीत टाकत असतो. तिची सुटका एकच माणूस करू शकत होता, आणि तो म्हणजे तिचा बाप. “आईची आठवण येते ना? येऊ दे. इथे जेवलीस म्हणून तिला वाईट वाटणार नाही,” एवढे त्याने सांगायला हवे होते. तो मुंबईला नोकरीत होता आणि शिमग्याला व गणपतीला येत असे.

मी सावत्र आईची बाजू घेतली असे आपल्याला वाटले, त्याचे मूळ इथे आहे. चाकरमान्याच्या घरात दुसरे लग्न होते आणि महिन्याभरात नवरा गाडी पकडतो. मागे उरतात सासू, परकी वाटणारी सून आणि तिच्याकडे संशयाने बघणारे मूल. ध्रुवाला मांडीवरून हुसकावणारी सुरुची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आठवते. ज्याची ती मांडी होती तो उत्तानपाद त्या वेळी गप्प का बसला, हे कीर्तनातही फारसे विचारले जात नाही. सावत्र कुटुंबांबरोबर दीर्घकाळ काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाऊ यांचेही सांगणे असेच आहे की सुरुवातीच्या काळात शिस्तीचे काम जन्मदात्या पालकानेच करावे आणि नव्या पालकाने आधी केवळ ओळख वाढवावी. आपल्याकडे नेमके उलट होते : अभ्यास, आंघोळ, ओरडणे हे सगळे नवीन आलेल्या बाईवर, आणि खाऊ घेऊन येणारा बाप.

पुन्हा लग्नच करू नये, हे मला पटत नाही. वाडीत एकट्या बाईला किती डोळे झेलावे लागतात हे आपणही जाणता, आणि सोबतीवाचून कोमेजलेली आई मुलाच्या वाट्याला येणे हा काही त्याचा लाभ नव्हे. आपल्याकडे अनेक समाजांत पाट लावण्याची रीत पूर्वापार होतीच.

भाऊबंदांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. ‘बाहेरचे पोर आंब्याच्या बागेत वाटेकरी होईल’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडते आणि ते त्याला आयुष्यभर पुरते. वस्तुतः १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सावत्र मूल आपोआप सावत्र वडिलांचे वारस होत नाही. त्याला काही द्यायचे असेल तर आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करावे लागते किंवा रीतसर दत्तक घ्यावे लागते. हे घरातल्या मोठ्यांनी एकदा वकिलासमोर बसून स्पष्ट करून घेतले, तर निम्मी कुजबुज थांबेल.

आता आपल्या भाचीविषयी. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असे प्रकरण आले होते की, विधवेने पुनर्विवाह केल्यावर मुलाच्या कागदपत्रांत नव्या पतीची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो क्रूरतेच्या जवळ जाणारा आणि मुलाच्या मनाचा विचार न करणारा ठरवला. मुलावर ‘सावत्र’ हा शिक्का मारणे जसे अन्यायाचे, तसेच ‘बाबा’ म्हणण्याची सक्तीही, विशेषतः त्याचे वडील हयात आहेत आणि दर चतुर्थीला त्याची वाट पाहतात तेव्हा. त्याला सध्या ‘काका’ म्हणू द्यावे. घटस्फोटाच्या संमतीपत्रात मे महिन्याची सुट्टी लिहिलेली असेल. गणपतीचे दिवस लिहिलेले नसतील, तर दोन्ही घरांनी आत्ताच बसून ठरवावेत, म्हणजे आरतीला कुठे उभे राहायचे हे त्या मुलाला स्वतः निवडावे लागणार नाही. आणि तो तिकडून परत येईल तेव्हा तिथे काय काय झाले, मोदक कसे होते, हे त्याला आपल्या भाचीनेच मोकळेपणाने विचारावे, नव्या वडिलांच्या देखत.