सातारकर, चूक माझी. पण वकिली नाही

सातारकर, नमस्कार.

व्हीए लोनच्या (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, हमीवर मिळणाऱ्या घरकर्जाच्या) पात्रतेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोप उडाली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही टेक्सासच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ सैन्यात, सात वर्षं काढलीत. मी लेखात ठोकून दिलं होतं, "डीडी-२१४ हातात असला की पात्रता सिद्ध झाली समजा." त्या भरवशावर तुम्ही तो कागद, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, पाठवलात आणि "एवढ्यावर भागणार नाही" असं उत्तर आलं. पुढचे कागद जमवता जमवता अडीच आठवडे गेले, तोवर पसंत केलेलं घर दुसऱ्याच्या पदरात पडलं. वर तुम्ही विचारलंत की सरकारकडे आमची सगळी नोंद असताना सैनिकानेच पुरावे का द्यायचे, आणि आयुष्यात कधी वर्दी न घातलेल्या बाईने सरकारची वकिली का करायची?

वर्दी घातली नाही, खरं आहे. आणि ते वाक्य चुकलंच. घर गेलं त्याचं मला वाईट वाटतं.

चूक कुठून आली ते सांगते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत, पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. पेन्शनचं काही अडलं, आजीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं असलं, की आधी ती पेटी उघडायची. एक पुस्तक दाखवलं की काम व्हायचं. डीडी-२१४ म्हणजे अमेरिकेतलं डिस्चार्ज बुक, हे समीकरण माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. लोन प्रोसेसिंगच्या कामात मला नऊ वर्षं झाली, पण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक जण पूर्णवेळ सेवेतले, त्यामुळे समीकरण चालून जायचं. सॅन अँटोनियोत राहून गार्डवाले आठवू नयेत, याला मात्र सबब नाही.

तुमच्याकडचा डीडी-२१४ बहुधा बेसिक ट्रेनिंग आणि त्यापुढच्या ट्रेडच्या ट्रेनिंगचा असावा. गार्डमध्ये नवीन भरती झालेल्याला ते ट्रेनिंग उरकल्यावर तो मिळतो. फॉर्म तोच, नाव तुमचंच, १२ नंबरच्या रकान्यात तारखाही नीट. पण निव्वळ ट्रेनिंगसाठी केलेली ड्युटी या लोनच्या हिशेबात सक्रिय सेवा म्हणून धरत नाहीत. म्हणजे कागद अस्सल, आणि उपयोग शून्य. तुमची पात्रता उभी आहे ती गार्डमधल्या सहा वर्षांच्या अटीवर. सेवा सोडलेल्या गार्डवाल्यासाठी तिचा पुरावा म्हणजे एनजीबी-२२, गार्ड सोडल्याचा दाखला. किंवा मग एनजीबी-२३, म्हणजे सेवेबद्दल निवृत्तीसाठी जमा होणाऱ्या पॉइंट्सचा हिशेब, आणि सोबत सेवा सन्मानाने झाल्याचा पुरावा. जो अजून गार्डमध्येच आहे त्याला २२ नंबर कुठून मिळणार? त्याने युनिटच्या कमांडरच्या किंवा ॲडज्युटंटच्या सहीचं सेवेचं पत्र घ्यायचं. रिझर्व्हवाल्यांचं, म्हणजे केंद्राच्या राखीव दलातल्यांचं, आणखी वेगळं. त्यांना पॉइंट्सचं शेवटचं वार्षिक विवरण लागतं.

पूर्णवेळवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. डीडी-२१४ च्या प्रती अनेक निघतात. 'मेंबर-१' या छोट्या प्रतीत खालचा भाग नसतोच आणि नेमका तोच बघायचा असतो: रकाना २४ मध्ये सेवा कशी होती, रकाना २८ मध्ये का सोडली. 'मेंबर-४' प्रत द्यायची. २ ऑगस्ट १९९० नंतरच्या सेवेसाठी सर्वसाधारण अट सलग २४ महिन्यांची आहे. कुणी त्याआधी बाहेर पडला असेल तर सगळा निकाल २८ नंबरच्या त्या एका ओळीवर लागतो. सेवेतल्या दुखापतीमुळे सोडावी लागली असेल तर ९० दिवससुद्धा भरावे लागत नाहीत.

आता 'सरकारकडे सगळं आहे' याबद्दल. पुष्कळदा असतंही. लेंडर (कर्ज देणारा) व्हीएच्या पोर्टलवर तुमची माहिती टाकतो आणि पात्रतेचं प्रमाणपत्र, आमच्या भाषेत सीओई, चहा निवायच्या आत येतं. पण नोंदी ठेवणारं संरक्षण खातं आणि कर्जाची हमी देणारं खातं ही दोन वेगळी घरं आहेत, आणि गार्डच्या नोंदी राज्याराज्यांत. शिवाय सेंट लुईसची आग. १२ जुलै १९७३ ला तिथल्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त फाइली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या नोंदी त्यात होत्या. मी नोकरीत नवी असताना कोरियाच्या युद्धातले एक आजोबा आले होते. त्यांना मुलीच्या शेजारी छोटं घर घ्यायचं होतं. फाइल जळालेली. शेवटी अभिलेखागाराने पगाराच्या जुन्या नोंदींवरून सेवेचा दाखला करून दिला, त्यावर काम झालं. तो हातात आल्यावर त्यांनी तीनदा वाचला आणि मला म्हणाले, "बरं झालं, मी होतो म्हणायचं."

म्हणून मी म्हणते, कागद आपल्याकडे ठेवा. ही वकिली नव्हे. या लोनची सोय १९४४ च्या जीआय बिलातून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या कायद्यातून आली, पण १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली तेव्हा हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली होती २. सेवा त्यांनीही केलीच होती की! हमी सरकारची, पैसे बँकेचे, आणि बँकेचं दार बंद. आजही सीओई म्हणजे कर्जमंजुरी नव्हे. उत्पन्न, क्रेडिट, घराचं अप्रेझल म्हणजे मूल्यांकन, हे सगळं त्यानंतर सुरू होतं.

तुमची सीओई आता आली आहे, तर तिच्यावरची फंडिंग फीची, म्हणजे या लोनसाठी व्हीएला द्यायच्या शुल्काची, ओळ नीट बघा. डाउन पेमेंट न देता पहिल्यांदा हे लोन घेणाऱ्याला सध्या २.१५ टक्के पडतात, ४ लाख डॉलरवर ८,६०० डॉलर. व्हीएकडून अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर हा आकडा शून्य होतो, आणि तिथे 'एक्झेम्प्ट' लिहिलेलं असायला हवं. तुम्ही गुडघ्यासाठी केलेल्या अपंगत्वाच्या क्लेमचा उल्लेख केलाय. तो अजून लोंबकळत असेल तर लेंडरला आत्ताच सांगून ठेवा. क्लोजिंगनंतर, म्हणजे घराचा व्यवहार पुरा झाल्यावर, निकाल लागला आणि भत्ता क्लोजिंगच्या आधीच्या तारखेपासून लागू झाला, तर भरलेली फी परत मागता येते.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज सकाळी खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

राहता राहिला तुमचा मित्र, ज्याची गार्डमध्ये चारच वर्षं झालीत पण कोविडमध्ये जो चार महिने ड्युटीवर होता. त्याला सहा वर्षं थांबायची गरज बहुधा नाही. जानेवारी २०२१ मध्ये कायदा बदलला. टायटल ३२ खाली, म्हणजे गार्डविषयीच्या केंद्रीय कायद्याखालच्या हुकमावर, ९० दिवस सेवा, त्यातले किमान ३० सलग, एवढं असलं तर गार्डवाला पात्र ठरू शकतो, आणि आधीची सेवाही धरतात. राज्याच्या हुकमावरची ड्युटी मात्र त्यात येत नाही. म्हणून त्याला सांगा, कोविडच्या ऑर्डर शोधून काढ आणि त्यावर ३२ हा आकडा आहे का ते बघ. असला तर मला कळवा.